लपवाछपवीने आणलेला हुकूम मागे घेता येतो

(पाड्यांच्या कायदा शिबिरात झालेलं भाषण. तरुण कार्यकर्त्यांच्या गटाने मिळून तयार केलं होतं, म्हणून सगळीकडे 'आम्ही' आहे. बोललो तसंच लिहून काढलं आहे. ज्या पाड्यांतून शिबिराला येता आलं नाही त्यांनी बैठकीत मोठ्याने वाचून घ्यावं.)



आज आम्ही कोर्टाच्या हुकुमाबद्दल बोलणार आहोत. पाड्या-पाड्यांत बैठका घेताना एक प्रश्न आम्हाला सगळीकडे ऐकू येतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ऐकू येतो, आरेत ऐकू येतो, मुलुंड-भांडुपच्या डोंगराकडे पण ऐकू येतो. लोक विचारतात, "कोर्टाचा हुकूम घेऊन आले म्हणजे संपलं ना? आता भांडीकुंडी बाहेर काढायचीच ना?"

आपल्याला वाघाची भीती नाही. वाघोबाला आपण शेंदूर लावतो, नारळ फोडतो आणि त्याच रानातून रात्री घरी येतो. पण गोल शिक्क्याचा कागद दिसला की आपले हातपाय गळतात. कागद इंग्रजीत असतो, वाचता येत नाही. आणणारा माणूस म्हणतो, "कोर्टाचं आहे, काही चालणार नाही." आणि आपण गप्प बसतो.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. कोर्टाचा हुकूम मोठा असतो, तो मोडायचा नाही. पण तो हुकूम जर महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेला असेल, तर ज्या कोर्टाने तो दिला त्याच कोर्टात जाऊन "हा मागे घ्या" असं सांगता येतं. ही मेहेरबानी मागणं नव्हे, हा कायदाच आहे. मात्र जो हे सांगायला जाईल त्याने स्वतः काही लपवलेलं नसावं. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. त्याच्यावर आज आपल्याला निर्णय करायचा आहे, म्हणून शेवटपर्यंत बसा.

कोर्टाला काय दिसतं?

न्यायाधीश पाड्यावर येत नाहीत. त्यांना आपली विहीर दिसत नाही, चिंचेचं झाड दिसत नाही, आजोबांची पुरलेली जागा दिसत नाही. त्यांना दिसतो कागद. कागदावर "ही जमीन मोकळी आहे, चार-दोन लोक अलीकडे घुसले आहेत" असं लिहिलेलं असेल आणि सांगायला दुसरं कोणी उभं नसेल, तर न्यायाधीश तेच धरून चालणार. त्यात त्यांचा दोष नाही. समोरच्या बाजूला न ऐकता जो हुकूम होतो त्याला एकतर्फी हुकूम म्हणतात. घाई असेल तर असा हुकूम देण्याची कायद्यात सोय आहे. उद्या सकाळी कोणी तुमचं घर पाडणार असेल तर तुम्हालाही असाच हुकूम मागावा लागेल.

पण या सोयीला एक अट आहे. जो एकटा कोर्टात जातो त्याने दोघांचं सांगायचं. म्हणजे आपल्या बाजूचं तर सांगायचंच, पण आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट माहीत असेल तर तीही सांगायची. कारण ती सांगायला दुसरा माणूस तिथे हजर नाही.

ही अट जुनी आहे. १९१७ साली लंडनला एक खटला झाला. शिलाई मशीनवाल्या सिंगर घराण्यातली एक श्रीमंत बाई होती, लग्नाने राजकन्या झालेली. इन्कम टॅक्सवाल्यांना थांबवा म्हणून ती एकतर्फी कोर्टात गेली. आपण इंग्लंडात राहत नाही, असं तिचं म्हणणं. पण लंडनमधल्या घराबद्दलची खरी हकीकत तिने शपथपत्रात नीट सांगितलीच नाही. ते उघडं झाल्यावर कोर्टाने मिळालेला हुकूम काढून घेतला. तुझं मूळ म्हणणं खरं की खोटं, ते आम्ही आता बघणारसुद्धा नाही, असा त्याचा अर्थ. शंभर वर्षं होऊन गेली तरी आपल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांत त्या खटल्याचं नाव येतं. नियम सोपा आहे: हात स्वच्छ ठेवून या.

सावकाराच्या कारकुनाची गोष्ट

आता आपल्या देशातली गोष्ट. ही ऐकताना तुम्हाला आपल्याच भागातल्या सावकाराची आठवण येईल.

मद्रासकडे एका सावकाराने कर्जवसुलीचा हुकूमनामा मिळवला होता. जमिनीचा लिलाव झाला. सावकाराच्या कारकुनाने ती लिलावात घेतली, पण सावकारासाठी घेतली. पुढे त्याने सावकाराला रीतसर नोंदवलेला कागद लिहून दिला, की माझा या जमिनीवर हक्क नाही. कर्जदारांनी सावकाराचे पैसेही चुकते केले. प्रकरण संपलं. आणि मग हाच कारकून कोर्टात गेला, लिलावात जमीन मी घेतली आहे, मला वाटणी करून द्या म्हणून. आपण हक्क सोडल्याचा कागद त्याने कोर्टाला दाखवलाच नाही. त्याला प्राथमिक हुकूमनामा मिळाला.

हे प्रकरण पुढे खूप वर्षं चाललं. हायकोर्ट म्हणालं, स्वतःच्या विरुद्धचा कागद दाखवायलाच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नव्हतं. सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं नाही. २७ ऑक्टोबर १९९३ ला निकाल दिला. सुप्रीम कोर्टाचं सांगणं असं की ज्याच्यावर सगळा निवाडा अवलंबून आहे असा कागद जो दडवतो तो समोरच्या माणसाला तर फसवतोच, पण कोर्टालाही फसवतो. अशा फसवणुकीने मिळवलेला हुकूमनामा कायद्याच्या नजरेत नसल्यासारखाच आहे. आणि अशा माणसाला खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर बाहेर काढता येतं.

या निकालाचं नाव 'चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ'. पाठ करायची गरज नाही, वहीत लिहून ठेवा. वकिलाकडे गेलात की हे नाव सांगा. तो मान वर करून तुमच्याकडे बघेल.

जंगलजमिनीची गोष्ट

कोणी म्हणेल, ती सावकाराची जमीन झाली, जंगलाचं काय? जंगलाचंही आहे.

केरळात १९७१ साली कायदा झाला आणि खाजगी जंगलं सरकारकडे गेली. ज्याच्या ताब्यात स्वतः कसण्याची थोडी जमीन होती त्याला ती सोडवून घेण्याची वाट ठेवली होती. त्यासाठी वन न्यायाधिकरण होतं. एक माणूस तिथे गेला आणि म्हणाला, ही जमीन माझी, मला सूट द्या. त्याला सूट मिळाली. सरकारने हायकोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. म्हणजे दोन ठिकाणी तो जिंकला. पण त्याने एक गोष्ट दडवली होती. कायदा लागू होण्याआधीच तो त्यातली जमीन विकून बसला होता! विकलेल्या जमिनीवर त्याने स्वतःची म्हणून सूट घेतली होती.

खूप वर्षांनी विक्रीचे कागद कोर्टापुढे आले. तेव्हा केरळ हायकोर्टाने आपला आधीचा निकाल बाजूला केला आणि न्यायाधिकरणाचा हुकूमही रद्द केला. तो माणूस सुप्रीम कोर्टात गेला, म्हणाला, झालेला निकाल आता असा उकरता येणार नाही. २००६ साली सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचंच बरोबर ठरवलं. हा निकाल 'हमझा हाजी विरुद्ध केरळ राज्य'. तोही वहीत लिहा.

सुप्रीम कोर्ट स्वतःचा निकालसुद्धा असा मागे घेतं. नोएडा इथे संपादनाची एक जमीन होती. ती एकापेक्षा जास्त मालकांनी मिळून घेतलेली. त्यातल्या एकाने बाकीच्यांना बाजूला ठेवून, आपण एकटेच मालक असं दाखवून मोबदल्याचा दावा चालवला. २०२२ साली सुप्रीम कोर्टापर्यंत तो जिंकला. दुसरा सहमालक कागद घेऊन उभा राहिला, तेव्हा २३ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने ऐकायला हायकोर्टाकडे पाठवलं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. निकाल मागे घेतला म्हणजे जमीन दुसऱ्याची झाली असं नाही. सगळे पुन्हा होते तिथे आले आणि आता सगळ्यांना ऐकून निर्णय होणार. हुकूम मागे घेणे म्हणजे एवढंच. पण ज्याला कधी ऐकूनच घेतलं नाही त्याच्यासाठी एवढंही फार मोठं आहे.

सगळंच 'लपवणं' नसतं

आता सावध राहायची गोष्ट. समोरच्याच्या अर्जात एक तारीख चुकली, एक नाव राहिलं, म्हणून हुकूम मागे जात नाही. लपवलेली गोष्ट महत्त्वाची पाहिजे. महत्त्वाची कशी ओळखायची? स्वतःला एक प्रश्न विचारा. ही गोष्ट न्यायाधीशांना त्या दिवशी माहीत असती, तर त्यांनी हाच हुकूम दिला असता का? "नसता दिला" असं उत्तर येत असेल तर ती महत्त्वाची. "तरी दिला असता" असं असेल तर तिच्यात वेळ घालवू नका.

आपल्या पाड्यांच्या बाबतीत अशा महत्त्वाच्या गोष्टी कुठल्या असू शकतात ते सांगतो.

एक, जमीन मोकळी म्हणून दाखवली, पण तिथे वस्ती आहे, शेत आहे, देव आहे.

दोन, तिथल्या लोकांनी वनहक्काचे दावे केलेले आहेत आणि त्यांची पडताळणी पुरी झालेली नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ४(५) प्रमाणे मान्यतेची आणि पडताळणीची प्रक्रिया संपेपर्यंत जंगलजमिनीवरच्या दावेदाराला हटवता येत नाही. ही गोष्ट सांगितलीच नाही तर न्यायाधीशांना कळणार कुठून?

तीन, याच जमिनीचा आधी दुसऱ्या कोर्टात दावा झाला आहे, तिथे स्टे आहे किंवा तिथे तो हरला आहे, आणि ते न सांगता नव्या कोर्टात आला.

चार, जमीन मुळात आदिवासी खातेदाराची होती. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे ती बिगर-आदिवासीकडे जायला परवानगी लागते. परवानगीचा कागदच नाही.

पाच, "नोटीस दिली होती" असं शपथेवर सांगितलं, पण नोटीस भलत्याच पत्त्यावर गेली. आपल्या कितीतरी घरांना नंबर नाही. पोस्टमन रस्त्यावरच्या दुकानात टपाल ठेवून जातो आणि ते तिथेच चहाच्या डागाखाली पडून राहतं.

जेव्हा गोष्टी कोर्टापुढे आल्याच नाहीत

समोरचा मुद्दाम फसवतो असं दरवेळी नसतं. कधी सरकारच पूर्ण माहिती ठेवत नाही. त्याचा मोठा अनुभव आपण सगळ्यांनी २०१९ साली घेतला आहे.

वनहक्क कायद्याविरुद्ध २००८ पासून सुप्रीम कोर्टात याचिका चालू होती. १३ फेब्रुवारी २०१९ ला हुकूम झाला की ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना राज्यांनी जंगलजमिनीवरून काढावं, पुढच्या तारखेच्या म्हणजे २४ जुलैच्या आत. देशभरात अकरा लाखांहून जास्त दावे फेटाळलेले होते. आपल्या महाराष्ट्रातले २२ हजारांहून जास्त. त्या आठवड्यात पाड्यांवर कोणाला झोप लागली नाही.

कोर्टापुढे राज्यांनी काय ठेवलं होतं? आकडे. इतके दावे आले, इतके मंजूर, इतके नामंजूर. ते नामंजूर कसे झाले हे त्यात नव्हतं. ग्रामसभा झाली होती का? माणसाला लेखी कळवलं होतं का? अपिलाची संधी मिळाली होती का? नामंजूर करण्याचा अधिकार ज्याला होता त्यानेच केलं का?

मग देशभर आवाज उठला आणि केंद्र सरकार कोर्टात परत गेलं. दावे कसे फेटाळले याची माहिती राज्यांकडून घ्यावी, तोवर हुकूम थांबवावा, असं त्यांनी सांगितलं. इतके दिवस झोपला होतात का, असं कोर्टाने सरकारला विचारलं. पण २८ फेब्रुवारीला हुकूम थांबवला आणि दावे फेटाळताना काय पद्धत वापरली ते शपथपत्रावर सांगा, असं राज्यांना सांगितलं. पंधरा दिवसांत चित्र बदललं, कारण जी गोष्ट आधी कागदावर नव्हती ती कागदावर आली.

हे फसवणुकीचं प्रकरण नव्हतं आणि तसं कोणी म्हणूही नये. पण आपल्यासाठी धडा तोच आहे. आकडा सगळं सांगत नाही. 'नामंजूर' या एका शब्दाच्या मागे काय झालं ते आपणच लिहून ठेवलं पाहिजे. तुमचा दावा फेटाळला असेल तर कागद मागा. कारण लेखी पाहिजे. उपविभागीय समितीकडे किंवा जिल्हा समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात. तोंडी "तुमचं झालं नाही" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

उशीर झाला की काय होतं

हुकूम मागे घेता येतो हे खरं, पण पडलेलं झाड परत उभं राहत नाही. हे आरेच्या लोकांना सांगायला नको.

मेट्रो कारशेडच्या वेळी ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. मधे एक शनिवार-रविवार गेला, बस.

पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेट्रो कंपनीला ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज चालवू दिला. प्रत्यक्षात १७७ झाडांची परवानगी घेतली गेली. १७ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ८४ च्या वर जायचं होतं तर आधी आमच्याकडे यायला हवं होतं, परस्पर जाणं योग्य नव्हतं. कंपनीने वनखात्याकडे दहा लाख रुपये भरावेत असं सांगितलं. आणि झाडं? काम अडू नये म्हणून १७७ झाडांना मोकळीक दिली.

इथे माहिती लपवल्याचा नाही, मर्यादा ओलांडल्याचा ठपका होता, हे नीट समजून घ्या. पण त्यातून दोन गोष्टी दिसतात. समोरचा चुकला हे सिद्ध झालं तरी झाड वाचेलच असं नाही. आणि शनिवार-रविवारची सुटी आपल्याला महाग पडते. म्हणून हुकूम झाल्यावर धावण्यापेक्षा हुकूम होण्याआधी कोर्टाच्या दारात उभं राहणं बरं.

मग करायचं काय?

पहिलं, कॅव्हेट. दिवाणी कायद्याच्या कलम १४८अ खाली आपण आधीच कोर्टाला कळवून ठेवू शकतो की अमुक माणूस आमच्याविरुद्ध अर्ज करेल असं वाटतं, आम्हाला ऐकल्याशिवाय काही करू नका. समोरच्यालाही त्याची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते. कॅव्हेट ९० दिवस चालतं, मग नवीन घालावं लागतं. ज्या पाड्यात मोजणीवाले फिरायला लागलेत, पत्रे ठोकले जात आहेत, त्यांनी वाट बघू नये. कॅव्हेट योग्य कोर्टात पाहिजे. दिंडोशीला घालायचं, फोर्टच्या सिटी सिव्हिल कोर्टात की हायकोर्टात, ते वकिलाला विचारा. आणि कॅव्हेट म्हणजे स्टे नव्हे, हे विसरू नका.

दुसरं, हुकूम आला तर आधी प्रत घ्या. भांडू नका, कागद फाडू नका, आणणाऱ्याच्या अंगावर जाऊ नका. तो नोकर आहे. केस नंबर, कोर्टाचं नाव, तारीख लिहून घ्या. मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. हुकूम मागे घेतला जात नाही तोपर्यंत तो हुकूमच असतो. तो मोडला तर उद्या आपणच आरोपी होऊ आणि आपलं खरं म्हणणं ऐकायला कोणी तयार होणार नाही.

तिसरं, समोरच्याने कोर्टाला काय सांगितलं ते वाचा. एकतर्फी मनाई हुकूम घेणाऱ्याने अर्ज, शपथपत्र आणि कागदांच्या प्रती समोरच्याला लगेच पाठवाव्यात असा नियम आहे. त्या आल्या नाहीत तर तीही तक्रार होते. आल्या तर बैठकीत बसून एकेक वाक्य मराठीत समजून घ्या. समोर तीन रकाने करा: त्याने काय म्हटलं, खरं काय, आपल्याकडे पुरावा काय. लपवलेली गोष्ट इथेच सापडते.

चौथं, अर्ज त्याच कोर्टात करायचा. मनाई हुकूम असेल तर दिवाणी संहितेच्या आदेश ३९ नियम ४ खाली. त्यात लिहिलंच आहे की महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून, समोरच्याला न कळवता मनाई हुकूम घेतला असेल, तर कोर्टाने तो उठवावा. नाही उठवला तर का नाही याची कारणं कोर्टाने नोंदवावीत. आपल्या गैरहजेरीत पूर्ण हुकूमनामा झाला असेल तर आदेश ९ नियम १३. त्याला ३० दिवस असतात. समन्स मिळालंच नसेल तर कळल्यापासून ३० दिवस. म्हणून कधी कळलं ती तारीख त्याच दिवशी वहीत लिहा आणि चार जणांच्या सह्या घ्या.

पाचवं, वकिलाच्या पैशासाठी घरातलं विकू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो. उत्पन्न किती हे बघत नाहीत. बायांनाही हा हक्क वेगळा आहेच. जातीचा दाखला घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जायचं.

आता आपली बाजू

इथपर्यंत ऐकायला बरं वाटलं. आता जड गोष्ट.

"हात स्वच्छ ठेवून या" हा नियम फक्त बिल्डरला नाही. तो आपल्यालाही आहे. समोरच्याने लपवलं म्हणून आपण कोर्टात जाणार. तेव्हा त्याचा वकील पहिली गोष्ट ही करणार की आपण काय लपवलं ते शोधणार. त्याला ते सापडलं तर तोच निकाल, तेच नाव, तो आपल्यावर उलटवणार.

आणि आपल्या पाड्यांत काय आहे ते आपल्याला माहीत आहे. कोणी एक खोली बाहेरच्याला भाड्याने दिली आहे. कोणी विकली आहे, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर. एखाद्या भावाला दुसरीकडे इमारतीत घर मिळालं आहे. कोणी कसत होता अर्धा एकर आणि दाव्यात लिहिले दोन एकर. कोणी १३ डिसेंबर २००५ नंतर आला आहे आणि यादीत जुना म्हणून बसला आहे. गरिबीने माणूस काय काय करतो ते आम्ही त्याच घरांत वाढून बघितलं आहे. कोणाकडे बोट दाखवायला आम्ही उभे राहिलो नाही.

पण एकाच शपथपत्रावर पन्नास घरं असतात. पन्नासात तीन खोटी निघाली तर न्यायाधीश बाकीच्या सत्तेचाळीसांकडेही संशयाने बघतात. ज्या आजीचा जन्म या रानातला, जिच्या बापाने इथे दळी कसली, तिचं खरं म्हणणं त्या तीन खोल्यांखाली दबून जाईल.

म्हणून आमच्या गटाचा प्रस्ताव आहे. कोर्टात जाण्याआधी प्रत्येक पाड्याने आपली खरी यादी करावी. घर कोणाचं, कधीपासून, कोण राहतं, किती जमीन प्रत्यक्ष कसली जाते, पुरावा काय. भाडेकरू असेल तर भाडेकरू लिहायचं. विकलं असेल तर विकलं लिहायचं. प्रत्येक कुटुंबाने स्वतःचं स्वतः सांगायचं, शेजाऱ्याने शेजाऱ्याबद्दल नाही. मग सगळ्यांसमोर वाचायचं. ज्या घरांना रेशनकार्ड नाही, पावती नाही, त्यांच्यासाठी दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसांचं म्हणणं लिहून घ्यायचं. वनहक्काच्या नियमांत तोही पुरावा धरला आहे. आज्या आहेत तोवर हे करा.

यावर काही पाड्यांत राग आला आहे. एक काका म्हणाले, "यादी करून देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. उद्या ते तीच यादी घेऊन आपल्याला हाकलतील." ही भीती खोटी नाही, आम्हालाही ती वाटते. पण विचार करा. कोणी खोली विकली हे बिल्डरला माहीत नाही असं वाटतं का? बऱ्याच वेळा घेणारा त्याचाच माणूस असतो. त्याला माहीतच आहे. माहीत नसतं ते फक्त न्यायाधीशांना. त्यांना ते आपल्या तोंडून कळलं तर आपण सरळ माणसं ठरतो. त्याच्या तोंडून कळलं तर लबाड.

एक मामी म्हणाल्या, "मग त्या भाडेकरूंचं काय? तेही पोटासाठीच आलेत." बरोबर आहे. त्यांना आपण कोणाच्या हवाली करत नाही. त्यांच्या घराचा प्रश्न वेगळ्या कायद्याचा आहे, त्यात आपण त्यांच्या बाजूने बोलू. पण त्यांना आदिवासी दावेदार म्हणून शपथेवर दाखवणार नाही. एवढाच फरक.

आणि ज्यांनी विकलं त्यांना वाळीत टाकायचं नाही. त्यांनाही बैठकीत बसवायचं. कोणाच्या दबावाने विकलं, काय सांगून सही घेतली, कागद वाचून दाखवला होता का, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. कदाचित लपवलेली सगळ्यात मोठी गोष्ट तिथेच सापडेल.

आजचा निर्णय

साथींनो, आमचं बोलणं झालं. आता तुम्ही बोला. आम्ही तीन ठराव मांडतो. त्यावर जेवणानंतर चर्चा करू. घाईने हात वर करू नका, पटलं तरच करा.

पहिला ठराव: प्रत्येक पाडा येत्या अमावास्येच्या आत खरी यादी करेल आणि ती ग्रामसभेत वाचली जाईल.

दुसरा: प्रत्येक पाड्यात दोन जण, त्यातली एक बाई, कागदाची पिशवी सांभाळतील. दाव्याच्या पोचपावत्या, नोटिसा, हुकुमांच्या प्रती, तारखांची वही. पिशवी एकाच घरात ठेवायची नाही, झेरॉक्स दुसऱ्या घरात.

तिसरा: ज्या पाड्यांजवळ मोजणी सुरू आहे तिथले लोक या आठवड्यात कॅव्हेटसाठी वकिलाकडे जातील. आमच्यातले दोघे बरोबर येतील. जाण्यायेण्याचा खर्च वर्गणीतून.

पहिला ठराव नामंजूर झाला तर बाकीचे दोन चालू राहतील. पण मग कोर्टात उभं राहून "समोरच्याने लपवलं" असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं, हे ज्यांना पहिला ठराव नको आहे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगावं. आम्ही ऐकू.

जोहार! जिंदाबाद!